सकाळी सिद्दी, दुपारी मावळा

बी. ए. होऊन मी घरी बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. थळच्या किनाऱ्यावर एका टेलिफिल्मचं शूटिंग आलं. विषय १६७९ ची खांदेरीची लढाई. लढाई मोठी आणि पैसा तोकडा, म्हणून सैनिक आसपासच्या गावांतलेच घ्यायचे ठरले. दिवसाला पन्नास रुपये आणि दोन वडापाव.

रांगेत सहायकानं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं मान वर न करता हिरवं फडकं हातात ठेवलं. माझ्या मागे माझा वर्गमित्र होता, भंडाऱ्याचा मुलगा. त्याला भगवा फेटा मिळाला. तो हसला, मीही हसलो. पण फडक्याची गाठ मला काही नीट बसेना.

वीस जणांची फौज दोनशेंची भासवायची होती. कॅमेऱ्यासमोरून धावत जायचं, मागून वळसा घालायचा आणि पुन्हा धावत यायचं. तोफा थर्माकोलच्या. वारा सुटला की दोघांनी त्या धरून बसायचं. अकरा वाजेपर्यंत मी तीनदा मेलो. दुपारी मावळे कमी पडले, तेव्हा त्याच सहायकानं मला भगवा फेटा चढवला. 'तोंड कॅमेऱ्याकडे करू नकोस,' एवढंच बजावलं.

रात्री अब्बांना सगळं सांगितलं. जहाजावर उमर घालवलेला माणूस. त्यांनी एकच विचारलं, "दौलतखान कोण झाला होता?"

तो तर कथेतच नव्हता!

श्रोतेहो, खांदेरी हे थळसमोरचं, मुंबईच्या वाटेवरचं बेट. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमावरून तिथं मायनाक भंडारींनी तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबईचे इंग्रज ते अडवायला आले. ऑक्टोबरात मराठी आरमारानं त्यांच्यावर चाल केली आणि 'डव्ह' नावाची त्यांची गुराब पकडली. त्या आरमाराचा सरदार होता दौलतखान. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला, तरी खांदेरी सुटलं नाही. सिद्दीनं १६८० च्या सुरुवातीला शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, एवढंच.

म्हणजे त्या पाण्यात मुसलमान दोन्हीकडे होते. माणसाची बाजू त्याच्या नावावरून नव्हे, तो कुणाची चाकरी करतो त्यावरून ठरत होती. आणि त्या रांगेत आम्ही दोघं एकामागे एक उभे होतो, तसेच मायनाक आणि दौलतखान एकाच आरमारात होते.

टेलिफिल्म लागली, तेव्हा सारं घर टीव्हीसमोर बसलं. फेटेवाल्यांच्या गर्दीत क्षणभर माझी पाठ दिसली. अब्बा अम्मीला म्हणाले, "तो बघ, दौलतखानाचा माणूस!"

२०२५ मध्ये खांदेरीचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. थळच्या किनाऱ्यावर कुणी पाहुणा त्या बेटाकडे बोट दाखवून विचारतो, तेव्हा मी मायनाक भंडारी आणि दौलतखान ही दोन्ही नावं एका दमात सांगतो.