लष्करी ट्रकचे वेगवर्धन

लष्करी ट्रकचे वेगवर्धन : सैन्याने वापरून विक्रीला काढलेल्या जुन्या ट्रक व जीपगाड्या डांबरी रस्त्यावर अधिक वेगाने चालाव्यात म्हणून त्यांच्या यंत्रणेत केलेले बदल. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियन, टायर, ब्रेक आणि स्टिअरिंग एवढ्यांना त्यात हात लागतो. रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत हा विषय जरा अवघड होतो. मैदानी महामार्ग, बोरघाट, ओढ्यांवरचे साकव आणि वाड्यांकडे जाणारे लाल मातीचे रस्ते इथे तासाभराच्या अंतरात एकामागून एक भेटतात. चौक गावाजवळ फायद्याचा वाटलेला बदल खोपोलीच्या पुढे गळ्याशी येतो.

गाड्यांचे प्रकार : दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी व ब्रिटिश सैन्याची वाहने भारतात मोठ्या प्रमाणावर विकली गेली. लोकांच्या तोंडी ती ‘डिस्पोजलची गाडी’ झाली. विलीज एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू या जीप, पाऊण टनी डॉज डब्ल्यूसी आणि अडीच टनी जीएमसी सीसीकेडब्ल्यू ही त्यांतली ठळक नावे. जीपला ट्रकांत कसे धरायचे, असा प्रश्न पडेल. पण अमेरिकी सैन्याच्या दप्तरी तिची नोंद पाव टनी ट्रक अशीच आहे. महिंद्रने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सैन्याला तीच गाडी मिळत गेली. जबलपूरला १९५९ पासून जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. निस्सान पॅट्रोलवर बेतलेली जोंगा आणि निस्सानचाच एक टनी ट्रक याही जबलपूरच्याच. आज हौशी लोकांच्या हाती असते ती बहुधा जीप किंवा जोंगा. महेंद्रसिंह धोनीने २०१९ मध्ये जोंगा घेतल्यावर तिचे नाव ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनाही ठाऊक झाले.

मुंबई-पुण्याच्या मालकांची कर्जत परिसरात शेतघरे आहेत आणि अशी गाडी ठेवायला तिथे जागाही असते. खरा प्रश्न ती तिथवर चालवत नेण्याचा. मागून कंटेनर हॉर्न वाजवत असताना ताशी ५० किमीने कळंबोली ते खालापूर जायचे, म्हणजे हौस दुसऱ्याच रविवारी फिटते.

मंद असण्याचे कारण : इंजिन कमजोर म्हणून या गाड्या हळू चालतात, ही समजूत चुकीची आहे. गाडी चिखलातून, चढावर, भारासकट ओढता यावी म्हणून तिचे गिअर मुद्दाम तसे ठेवलेले असतात. डॉज डब्ल्यूसीच्या ॲक्सलचे गुणोत्तर ५.८३ आहे, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्टला जवळपास सहा फेरे घ्यावे लागतात. तिच्या ९.००-१६ टायरचा परीघ भाराखाली सुमारे २.७ मीटर भरतो. टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३,१००-३,२०० फेऱ्यांवर आले की वेग होतो ताशी ८७ किमी, आणि तेवढ्यावर इंजिनाची मर्यादा संपते. जीएमसीचे गुणोत्तर ६.६, तिच्या डॅशबोर्डवरच्या पत्र्यावर कमाल वेग ४५ मैल, म्हणजे ७२ किमी दिलेला असतो. महिंद्रच्या सीजे-३बी जीपचे ५.३८ आहे. ती ताशी ८० ने हाकली तर इंजिन सुमारे ३,२०० फेऱ्यांवर ओरडत राहते आणि शेजारी बसलेल्याशी बोलणे सोडून द्यावे लागते.

गुणोत्तरातील बदल : सर्वांत खात्रीचा उपाय क्राऊन-पिनियन बदलण्याचा. युद्धानंतर नागरी बाजारात आलेल्या डॉज पॉवर वॅगनला ४.८९ चा जोड मिळत असे आणि तो जुन्या डब्ल्यूसीत बसवण्याची रीत जगभर आहे. त्याने इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत वेग १९ टक्क्यांनी वाढतो. मात्र चाकाशी पोचणारी ओढ १६ टक्क्यांनी घटते. हा सौदा आहे आणि यात कोणालाही सूट मिळत नाही.

फोर बाय फोर गाडीत हा जोड पुढे आणि मागे, दोन्हीकडे एकच लागतो. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलांना शक्ती वाटून देणाऱ्या पेटीत) मधला डिफरन्शियल नसतो. पुढचा ॲक्सल जोडला की दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. गुणोत्तरे वेगळी असली तर चाके एकमेकांशी भांडतात आणि शेवटी ट्रान्सफर केसचे दात किंवा शाफ्टचे क्रॉस तुटतात. पैसे वाचवायला काही जण फक्त मागचा जोड बदलतात आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवतात. गाडी पळते, पण ती आता फोर बाय फोर उरलेली नसते. जुलैत भातखाचरालगतच्या रस्त्यात तिला बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

ओव्हरड्राइव्ह हा अधिक सुज्ञ मार्ग. जीपच्या ट्रान्सफर केसच्या मागे पीटीओसाठी (इंजिनाची शक्ती बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या जोडासाठी) झाकण असते. तिथे बसणारा वॉर्न किंवा सॅटर्न बनावटीचा ओव्हरड्राइव्ह इंजिनाच्या फेऱ्या २५ टक्क्यांनी उतरवतो. वरच्या सीजे-३बीचे ८० किमीवरचे ३,२०० फेरे त्यामुळे २,४०० वर येतात. मुख्य म्हणजे त्याला दांडा असतो: सपाटीवर ओढायचा, घाट आला की सोडायचा. मूळ गुणोत्तर शाबूत राहते आणि हवे तेव्हा सगळे काढून गाडी पूर्ववत करता येते. हे युनिट भारतात सहजी मिळत नाही. मग मिस्त्री पाच गिअरची नवी गिअरबॉक्स बसवायचे सुचवतो. तिची लांबी वेगळी, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट कापणे-वाढवणे आले, आणि कापलेला शाफ्ट नीट बॅलन्स केला नाही तर ६० किमीच्या पुढे सगळा साटा थरथरू लागतो.

मोठे टायर हा सर्वांत स्वस्त व सर्वांत फसवा उपाय आहे. टायरचा व्यास आठ टक्क्यांनी वाढला तर वेगही तेवढाच वाढतो, पण मीटरला ते कळत नाही: काटा ७४ दाखवतो तेव्हा गाडी ८० ने चाललेली असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे मीटर पाहत नाहीत. लष्करी नक्षीचे आडवे-जाड ठोकळ्यांचे टायर डांबरावर गुणगुणतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतात. टायर नवा दिसला तरी बाजूवर कोरलेले चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. वेगमर्यादेचे अक्षरही तिथेच असते: एफ म्हणजे ८० किमी, जे म्हणजे १००. एफ टायरवर गाडी ९५ ने नेणाऱ्याला शूर म्हणता येत नाही.

इंजिन : जोंगाचे मूळ इंजिन ३,९५६ घनसेंमीचे, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. ओढायला गोड, पण टाकी रिकामी करण्यात कोणाला हार जात नाही. म्हणून डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा पडली. त्यामुळे इंधनखर्च उतरतो. वेग वाढेलच असे नाही, कारण जुन्या डिझेलच्या फेऱ्यांची कमाल पेट्रोलपेक्षा कमी असते. उभ्या काचेच्या, चौकोनी तोंडाच्या या गाड्यांना हवेचा विरोध फार होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ६० वरून ९० वर जायचे तर हवेला ढकलायलाच सुमारे साडेतीन पट शक्ती लागते. इंजिन बदलून पाहिलेल्या बहुतेकांची निराशा इथे होते.

बोरघाट : १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या काळात वाहनांसाठी खुला झालेला हा घाट खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. शेजारच्या रेल्वेघाटात चढ ३७ ला १ असा आहे. म्हणून कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मागे बँकर इंजिने जोडतात, आणि उतरणाऱ्या गाड्या ब्रेकच्या खात्रीसाठी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबवतात. रेल्वेने दीडशे वर्षांत जपलेली ही सावधगिरी ट्रकवाल्याने डोळ्यांआड करू नये. चढायला जास्तीची ओढ लागते हे कोणालाही समजते. उतरणे अधिक अवघड.

एक हिशेब मांडता येतो. दोन टनांची जीप किंवा जोंगा लोणावळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा तिला सोडावी लागणारी ऊर्जा ही तीच गाडी ताशी ८० किमीवरून वीसहून अधिक वेळा पूर्ण थांबवण्याइतकी असते. मूळ गाडीत यातला मोठा वाटा खालच्या गिअरमधले इंजिन उचलते. क्राऊन-पिनियन बदलून इंजिनाच्या फेऱ्या कमी केल्या की हा रोध कमी होतो. त्यात पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलेले असेल तर आणखी घट, कारण पेट्रोल इंजिनात पाय काढताच थ्रॉटल बंद होऊन जी ओढ मागे बसते ती साध्या डिझेलमध्ये मिळत नाही. त्याला एक्झॉस्ट ब्रेक जोडावा लागतो. उरलेला सगळा भार ड्रमवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनर घसरू लागते, पेडल खाली खाली जाते. जळक्या लायनरचा वास आला की गाडी बाजूला घेऊन अर्धा तास उभी करावी. गरम ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो.

म्हणून ब्रेकचे काम वेगाच्या आधी करायचे असते. जुन्या जीपमध्ये ब्रेकची एकच नळी-साखळी असते: एका चाकाचा होज फुटला की चारही चाके गेली. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे हा पहिला खर्च, पुढच्या चाकांना डिस्क हा दुसरा. बूस्टर बसवायचा तर त्याला व्हॅक्यूम हवा. पेट्रोल इंजिन तो आपसूक देते, डिझेलला वेगळा पंप लागतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. इंजिन बदलताना अल्टरनेटर वेगळा घेतला आणि पंप विसरला, तर बूस्टर नुसताच शोभेला राहतो.

स्टिअरिंगचेही तसेच. एमबी आणि सीजे-३बीचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर. पुढच्या क्रॉस मेंबरवरचा बेलक्रँक आणि किंगपिनच्या बेअरिंग झिजल्या की ५०-६० किमीला पुढची चाके अचानक डावी-उजवी फडफडू लागतात. स्टिअरिंग हातात आवळून धरले तरी ती थांबत नाहीत; वेग उतरवणे हाच उपाय. नवे बुश, कॅस्टरचा योग्य कोन आणि चांगले शॉकअप एवढ्यावर हा दोष बहुधा जातो, आणि गाडी न बदलताच आधीपेक्षा दहा किमी जास्त वेगाने निर्धास्त चालवता येते.

पावसाळा : या भागात वर्षाला तीन हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो. साकवावरचे पाणी ओलांडले की ड्रममध्ये पाणी शिरते आणि पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत. पेडलवर हलका पाय ठेवून ते वाळवावे लागतात. जुन्या सीजेचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि वायपर काचेच्या मध्यावर येऊन थबकतात. घाटातल्या धुक्यात, धो धो पावसात, चढावरच. विजेची मोटर बसवणे हा छोटा बदल कुठल्याही क्राऊन-पिनियनपेक्षा जास्त मोलाचा आहे.

कायदा : सैन्याची वाहने बाणाची खूण असलेल्या स्वतंत्र क्रमांकावर धावतात; सैन्याच्या वापरातून गेल्यावर त्यांची नागरी नोंदणी नव्याने करावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातील नोंद विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका ठामपणे उचलून धरली. पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन परवानगीविना बसवले तर पासिंग अडते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळते. सकल वजन ७,५०० किलोहून अधिक असलेल्या ट्रकला हलक्या वाहनाचे लायसन्स पुरत नाही. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीवर महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे.

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी, बिगर-व्यापारी दुचाकी-चारचाकींना त्यात ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. अट अशी की चेसिस, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात असावे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे वेगासाठी इंजिन बदललेली जीप या मालिकेत बसत नाही, आणि या मालिकेतल्या जीपला वेगाची फारशी गरज पडत नाही.

खोपोली-कर्जत-मुरबाड पट्ट्यात आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वापरायच्या गाडीला ताशी ७०-७५ किमीचा निवांत वेग पुरतो. तो दुहेरी ब्रेक, घट्ट स्टिअरिंग, चांगले टायर आणि जमलाच तर ओव्हरड्राइव्ह एवढ्यात मिळतो. द्रुतगती मार्गावर १०० ने जायचे असेल तर त्यासाठी दुसरी गाडी घ्यावी.