प्रथिनांचा आकडा आणि सशाचे पोट

घरी ससा पाळणाऱ्यांमध्ये एक समजूत पक्की रुजली आहे: पेलेटच्या पिशवीवर प्रथिनांचा आकडा जितका मोठा, तितके खाद्य सकस. १८ टक्क्यांची पिशवी ‘भारी’, १२ टक्क्यांची ‘हलकी’. दुकानदार हेच सांगतो आणि ससेपालनाचा धंदा करणारेही हेच घालतात, मग शंका कशाला घ्यायची?

हा पूर्वपक्ष अगदी निराधार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ मध्ये सशांच्या पोषणगरजांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात वाढत्या पिलांना १६ टक्के आणि पाजणाऱ्या मादीला १७ टक्के प्रथिने सांगितली आहेत. परंतु त्याच कोष्टकात, ना वाढायचे ना वियायचे अशा प्रौढ सशाला १२ टक्के पुरेत असे म्हटले आहे, आणि तंतूचे प्रमाण मात्र १० ते १२ वरून १४ टक्क्यांवर नेले आहे. घरातल्या सशाला ना पिले पाजायची असतात, ना काही आठवड्यांत बाजाराच्या वजनाला यायचे असते. म्हणजे पूर्वपक्षाने कोष्टक बरोबर वाचले, पण दुसऱ्याच सशाची ओळ वाचली.

शिवाय तो आकडा मोजतो काय? केल्डालच्या १८८३ च्या पद्धतीने खाद्यातला नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. त्यालाच पिशवीवर ‘क्रूड प्रोटीन’ म्हणतात. प्रथिन कसल्या प्रतीचे, पचेल किती, हे त्यातून कळत नाही. त्यात ससा आपल्या प्रथिनांचा काही भाग स्वतःच तयार करतो. अंधांत्रातल्या जिवाणूंनी घडवलेली मऊ विष्ठा तो गुदद्वाराशीच तोंड लावून खातो. फाजील प्रथिनांनी आणि पिष्टाने पोट भरले की तो ती खायची सोडतो. मग ती शेपटीखाली लडबडते, मालकाला हगवण वाटते आणि माश्यांना अंडी घालायला जागा मिळते.

यावर चतुर प्रतिपक्षी म्हणेल, ‘ठीक, मग तंतूचा आकडा सर्वांत मोठा असलेले पेलेट घेऊ, गवताची कटकटच नको.’ हेही टिकत नाही. सशाचे मोठे आतडे तंतूची वर्गवारी त्याच्या आकारावरून करते. साधारण अर्ध्या मिलीमीटरहून मोठे कण आतड्याला हलते ठेवून कोरड्या लेंड्यांतून बाहेर पडतात. बारीक कण मागे अंधांत्रात जातात. पेलेट बनते तेच मुळी सारे दळून. पिशवीवरची ‘क्रूड फायबर’ची चाचणी १८६० च्या दशकातली, जर्मनीतल्या वेंडे इथली: नमुना आम्लात आणि अल्कलीत उकळायचा आणि उरलेले मोजायचे. त्यात लिग्निनचा काही भाग धुऊन जातो, आणि कणाची लांबी तर कळतच नाही. दातांचेही तसेच. सशाच्या दाढा जन्मभर वाढतात आणि गवत आडवे रगडूनच झिजतात; पेलेट चार चाव्यांत चुरते.

धान्य, वाटाणे, रंगीत तुकडे घातलेल्या मिश्रणाचा कैवार तर घेऊच नये. एडिंबरा विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाळेतल्या अभ्यासात असे मिश्रण मिळालेल्या सशांनी आवडते तेवढे वेचून खाल्ले आणि वाळले गवत कमी खाल्ले.

आता मंडन. पेलेट हा सशाचा पुरवणी आहार आहे. गवतात कमी पडणारी जीवनसत्त्वे आणि खनिजे भरून काढणे हे त्याचे काम. मूळ आहार वाळलेले गवतच. आपल्याकडे मारवेल, पवना चालते. कुसळी मात्र टाळावे, कुसळे तोंडात रुततात. प्रौढ सशासाठी तंतू किमान १८ टक्के, प्रथिने १२ ते १४, स्निग्धांश चारच्या आत आणि कॅल्शियम ०.६ ते १ टक्का असलेले, एकसारख्या गोळ्यांचे पेलेट निवडावे. घटकांच्या यादीत पहिले नाव गवताचे हवे, मक्याचे नको. लसूणघास पिलांना उत्तम, प्रौढाला नको. ससा आहारातले कॅल्शियम गरजेहून अधिक शोषतो आणि जादा लघवीवाटे टाकतो, त्यातूनच मूत्राशयात गाळ साचतो.

उत्पादनाची तारीख ताजी हवी. पावसाळ्यात मक्यावर आणि शेंगदाणा पेंडीवर बुरशी धरते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन सशाला फार लवकर बाधते. कोंबडीखाद्य तर कधीच घालू नये. त्यात मिसळली जाणारी नरासिनसारखी औषधे सशाला विषारी ठरतात. दोन किलोच्या सशाला दिवसाला चाळीस-पन्नास ग्रॅमपुढे जाऊ नये, आणि नवे खाद्य जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावे.

दुकानदाराने १८ टक्के प्रथिनांची पिशवी पुढे केली, तर ती कोणत्या वयाच्या सशासाठी आहे हे विचारावे. पिलांसाठी वा व्यायलेल्या मादीसाठी असेल, तर पूर्वपक्ष तेवढ्यापुरता मान्य. प्रौढ सशासाठी म्हणत असेल, तर ती तिथेच ठेवावी आणि वाचलेल्या पैशांचे गवत घ्यावे.