टॉप माउंट टिकला, मग मोडलं काय?

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा फोन आला. मित्रांबरोबर तो खडी-मातीच्या रॅलीसाठी गाडी तयार करतोय. प्रश्न सरळ होता : "ताई, सगळ्यात टिकाऊ टॉप माउंट कुठला घेऊ?" माझी पीएचडी रबर आणि धातू यांच्या जोडावर, त्यामुळे मी उत्साहात रबराचे गुणधर्म सांगत सुटले. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण घेऊ कुठला?" मला उत्तर देता येईना. मग या भागाचा इतिहास वाचला आणि लक्षात आलं, की प्रश्नच अर्धा होता. तुमच्यापैकी जे पीएचडीच्या तयारीत आहेत, त्यांना यातून काहीतरी मिळेल, म्हणून लिहितेय.

आधी हा भाग कुठला ते बघू. बऱ्याच गाड्यांचं बोनेट उघडलं, की दोन्ही बाजूंना चाकांच्या वर एकेक गोल उंचवटा दिसतो. त्याच्या खाली स्ट्रट असतो, म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. स्ट्रटचं वरचं टोक गाडीच्या पत्र्याला धरून ठेवतो तो टॉप माउंट. त्याला एकाच वेळी तीन कामं असतात : वजन आणि धक्के पेलायचे, स्टिअरिंग वळवलं की स्ट्रटला फिरू द्यायचं, आणि चाक वर-खाली होताना त्याला किंचित कलू द्यायचं.

ही रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. १९४० च्या दशकात ते शेव्हरोलेमध्ये एका लहान गाडीवर काम करत होते. तो प्रकल्प १९४७ मध्ये गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले. १९५० मध्ये ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्या हीच रचना घेऊन आल्या. आधीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये चाकाला वरून आणि खालून अशा दोन आर्म धरून ठेवायच्या. मॅकफर्सनच्या रचनेत वरची आर्म गेली. खर्च वाचला, जागा वाचली. पण त्या आर्मचं काम कुठेतरी जाणारच होतं. ते गेलं बॉडीच्या पत्र्यावर, एका छोट्याशा गोलात.

या गोलाची परीक्षा पूर्व आफ्रिकेच्या रस्त्यांवर झाली. तिथली सफारी रॅली १९५३ मध्ये, राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने सुरू झाली. १९५५ मध्ये विक प्रेस्टन आणि डी. पी. मारवाहा यांनी ती फोर्ड झेफिरमध्ये जिंकली. पुढे १९७० च्या लंडन ते मेक्सिको रॅलीत हानू मिक्कोला आणि गुनार पाम यांनी फोर्ड एस्कॉर्टमधून २५ हजार किलोमीटरहून जास्त अंतर तोडून पहिला नंबर काढला. याच जोडीने १९७२ मध्ये सफारीही जिंकली. एस्कॉर्टलाही पुढे मॅकफर्सन स्ट्रटच होते. पण रॅलीच्या एस्कॉर्टची बॉडी शोरूममधल्यासारखी नसायची. स्ट्रटच्या वरच्या गोलावर जादा पत्रा वेल्ड करणं ही नेहमीची तयारी झाली.

हे का करावं लागलं ते समजून घ्या. रस्त्यावरच्या गाडीत टॉप माउंट रबराचा असतो. रबर धक्का आणि आवाज खातं. पण खडीवर सतत आपटून ते धातूपासून सुटतं, आणि ते दबत असल्यामुळे चाकाचा कोन हलत राहतो. म्हणून रॅलीवाले रबर काढून धातूचं गोलाकार बेअरिंग बसवतात. आता रबर फाटायचा प्रश्न मिटला. पण रबर जो धक्का खात होतं, तो थेट पत्र्यात गेला. गोल वर फुगतो, स्पॉट वेल्डपाशी चिरा पडतात. मग पत्रा जाड केला, की मार परत बेअरिंगवर. तिथे धूळ आधीच गोळी घासत असते. शिवाय असं बेअरिंग मुख्यतः आडव्या भारासाठी बनवलेलं असतं. इथे भार अक्षाच्या दिशेने येतो.

म्हणजे दर वेळी दुखणं बरं झालं नाही, फक्त जागा बदलली.

कॅटलॉगमधल्या आकड्यांचंही असंच. आर्विड पामग्रेन यांनी १९२४ मध्ये आणि पुढे गुस्ताफ लुंडबर्ग यांच्यासोबत १९४७ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचं गणित मांडलं. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट केला, की आयुष्य एक-अष्टमांश होतं. पण हे गणित गरगर फिरणाऱ्या बेअरिंगचं. टॉप माउंटमधलं बेअरिंग सरळ रस्त्यावर जवळजवळ स्थिर असतं. गोळ्या एकाच जागी बसून मार खातात, तिथे खळगे पडतात आणि स्टिअरिंग अडकत अडकत फिरतं. तिथे स्थिर भाराची क्षमता बघायला हवी. आकडा खरा असतो, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

हे मला इतकं लागलं, कारण मी हीच चूक केली होती. पहिल्या वर्षी दोन चिकटद्रव्यांची तुलना करत होते. एकाचा आकडा जास्त आला, मी खुशीत रिपोर्ट लिहिला. गाइडने एवढंच विचारलं, "तुटलं कुठे?" नमुने परत काढून बघितले. दोन्ही गटांत जोड शाबूत होता, रबरच फाटलं होतं. मी जोडाची ताकद मोजलीच नव्हती, रबराची मोजली होती. सहा महिने गेले.

ज्युनिअरला शेवटी हे सांगितलं : आधी बॉडीचा गोल मजबूत कर. मग असा स्टीलचा माउंट घे, ज्यात स्प्रिंगचा भार वेगळ्या बेअरिंगवरून जाईल आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा वेगळ्या वाटेने. त्याची प्लेट रुंद हवी, धुळीसाठी रबरी बूट हवा, आणि बेअरिंग सुटं बदलता आलं पाहिजे. कारण काहीतरी मोडणारच आहे. बेअरिंग मोडलं तर सर्व्हिसमध्ये बदलता येतं, बॉडी फाटली तर घरी जावं लागतं. आणि दर स्टेजनंतर गोलाभोवतीचा रंग तडकलाय का बघ.

तुमच्या प्रपोजलमध्ये "जास्त टिकाऊ" असे शब्द असतील, तर पुढे एक ओळ घाला : कशापुढे टिकाऊ, आणि त्याच्याऐवजी आता काय तुटेल? ती ओळ लिहिता आली नाही, तर प्रयोग अजून सुरू करू नका.