मालमोटारीचा लाकडी हौदा

मोटारीचा इतिहास म्हणजे तिच्या इंजिनाचा इतिहास, असा आपला सर्वसाधारण समज आहे. कोणते यंत्र कोणी व केव्हा शोधून काढले, याची नोंद ग्रंथांतून मिळते. परंतु मालमोटारीच्या ज्या भागावर प्रत्यक्ष माल लादला जातो, त्या हौद्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. पुष्कळ वर्षे हा हौदा लाकडाचा असे, आणि तो परदेशी कारखान्यात नव्हे, तर आपल्याकडील सुताराच्या हातून घडत असे. श्रोतेहो, आज या हौद्याविषयी बोलावयाचे आहे. आणि बोलता बोलता मराठवाड्यातील किल्लारीपर्यंत जावयाचे आहे. लाकूड, वजन आणि सांधा यांचा परस्परांशी संबंध काय, हा धडा त्या गावाइतक्या कठोरपणे महाराष्ट्राला दुसऱ्या कोणीही दिलेला नाही.

किल्लारी हे लातूरच्या दक्षिणेस, सुमारे ४० किलोमीटरांवर, औसा तालुक्यात, तेरणेच्या खोऱ्यात आहे. निजामी राजवटीत हा मुलूख तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे. लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १९११ साली लातुरास पोहोचली आणि तेथील पेठेला रेल्वेचा आधार मिळाला. तथापि रुळांपासून दूर असलेल्या गावांचा माल बैलगाडीवाचून हलत नसे. ही गाडी सुतार आणि लोहार या दोघा बलुतेदारांची संयुक्त कृती होय. सुताराने बाभळीच्या लाकडाचे आरे तुंब्यात बसवावे, आणि लोहाराने लोखंडी धाव तापवून चाकावर चढवावी. वर पाणी पडताच धाव आकसे आणि चाकाचे सगळे सांधे एकदम आवळले जात. चाकाचे बळ खिळ्यांत नव्हे, तर या आवळण्यात असते, हे या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

पुढे मोटार आली, तीही अर्धीच आली. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९१७ साली एक टनी मालमोटार विकावयास काढली, तेव्हा ती नुसता सांगाडाच विकीत असे. हौदा गिऱ्हाइकाने आपल्या गरजेप्रमाणे बांधून घ्यावयाचा. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीस मोटारींची जोडणी सुरू केली. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याने १९३२ साली २७ मोटारगाड्यांनिशी उतारूंची वाहतूक आरंभिली. १९५४ पासून जमशेदपुरास टाटा-मर्सिडीज मालमोटारी तयार होऊ लागल्या, तरी सांगाडा विकण्याची रीत मोडली नाही. मोटारवाले या सांगाड्याला चेसिस म्हणतात. पुढे इंजिन, मागे चाके, मध्ये दोन लांब पोलादी तुळया, आणि उघड्यावर बसलेला चालक, अशा थाटात ही वाहने शेकडो मैल रस्ता तुडवीत सुताराच्या दारी येत.

आता सुताराचे काम पाहू. पोलादी तुळयांवर तेवढ्याच लांबीचे दोन जाड लाकडी वासे प्रथम ठेवावयाचे. त्यांचे पुढचे टोक खालच्या अंगाने निमुळते तासावयाचे. तसे न केल्यास साऱ्या भाराचा ताण एकाच जागी येऊन पोलाद तेथे तडकते. या वाशांवर ठराविक अंतराने आडवी लाकडे, त्यांवर फळ्यांची जमीन, आणि कडेने व मागे बिजागऱ्यांवर उघडणारे फाळके. लाकूड चांगले मुरलेले हवे. ओले वापरले तर वाळून आकसते आणि सांधे खिळखिळे होतात.

खरे कौशल्य लागते ते हा हौदा सांगाड्यावर बसविताना. तुळईच्या वरच्या व खालच्या पट्टीला भोक पाडावयाचे नाही, कारण तेथेच तिच्यावर सर्वांत अधिक ताण असतो. म्हणून इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा बोल्ट तुळईभोवती घालून वासा तिला आवळावयाचा. तुळई पन्हळीसारखी पोकळ असते. आवळताना तिच्या पट्ट्या वाकू नयेत म्हणून पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवावयाचा. आणखी एक खुबी अशी, की मागची बांधणी पक्की, तर पुढची किंचित सैल ठेवावयाची. खाचखळग्यांच्या वाटेवर सांगाडा पिळवटतो. हौद्याने त्याच्याबरोबर थोडे वाकावे, परंतु त्याला सोडू नये. बळकटी म्हणजे ताठरपणा नव्हे, हे तत्त्व येथे लाकडात उतरलेले दिसते.

पुढे पोलादी पत्रे आले, कारखान्यातच तयार होणारे हौदे आले, आणि लाकडी हौद्यांची संख्या घटत गेली. आपल्या एस. टी.ची पहिली गाडी १९४८ साली पुण्याहून अहमदनगरास गेली तीही लाकडी बांधणीची होती. नंतरच्या गाड्यांना पोलादाचा व ॲल्युमिनियमचा साज चढला.

आणि आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, झोपलेल्या गावांखालची भूमी हादरली. ७,००० हून अधिक माणसे गेली. भूकंपाचे माप ६.२ च्या आसपास होते. जगात याहून मोठे धक्के कमी प्राणहानीने पार पडले आहेत. येथे काळ झाली ती घरांची बांधणी. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, परंतु ओबडधोबड दगड मातीत रचलेले. आतील व बाहेरील थरांना जोडणारा लांब दगड नाही. वर माळवद, आणि पाऊस गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे वाढत गेलेली माती. उन्हाळ्यात गारवा देणारे ते ओझे त्या पहाटे खाली आले.

परंतु ढिगाऱ्यांची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना एक गोष्ट ठळकपणे दिसली. जेथे माळवद भिंतींवर न टेकता लाकडी खांब आणि तुळया यांच्या चौकटीवर उभे होते, तेथे पुष्कळदा भिंती कोसळल्या, तरी चौकट उभी राहिली. लाकूड वाकले, पण सांध्याने साथ सोडली नाही.

त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि इतर असंख्य घरांच्या मजबुतीकरणाचे काम हाती घेण्यात आले. त्याचे उपाय ऐकले म्हणजे सुताराच्या आवारात उभे असल्याचा भास होतो: छपरावरील माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घालून तिचे दोन्ही थर जोडा, भिंतींच्या माथ्यावरून सलग पट्टा फिरवा, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरकस आधार ठोका. ओझे हलके करा, जे आहे ते एकत्र बांधा, आणि बांधलेल्याला थोडे हलू द्या.

हे ज्ञान मराठवाड्याला परके नव्हते. रस्त्यावरचे हादरे मालमोटारीला रोज बसत, म्हणून तिच्या सुताराला ते विसरणे परवडत नसे. घराखालची जमीन मात्र कैक पिढ्या स्थिर राहिली, आणि त्या स्थैर्याच्या भरवशावर भिंतीतील जोड हरवला. ज्या संकटाची रोज आठवण होत नाही, त्याच्यासाठी रोजच्या बांधणीत जागा राखणे हे कारागिराचे, तसेच समाजाचेही खरे शहाणपण होय.