थांबलेली दिसणारी पुली

आजचा भाग एका पुलीपासून सुरू करतो.

वसमतला माझ्या मामाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दहावीच्या सुट्टीत मी तिथे मदतीला जायचो. एका संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात मोटरची चार आऱ्यांची पुली सावकाश, तीही उलटी फिरताना दिसली. मला वाटलं, बंद होत आलीय. फडकं घेऊन हात पुढे केला, तेवढ्यात मामाने मनगट धरलं. "अरे, आवाज ऐक की! फुल स्पीडला आहे ती."

ही फसवणूक जुनी आहे. १८३२ मध्ये बेल्जियमचा प्लातो आणि ऑस्ट्रियाचा स्टाम्पफर यांनी, एकमेकांना न विचारता, फटी असलेल्या चकत्या बनवल्या. फिरती वस्तू थांबून-थांबून दाखवली, की डोळा भलतीच गती बघतो. स्टाम्पफरने त्याला स्ट्रोबोस्कोपचं नाव दिलं.

फ्रान्सच्या फुकोने १८६२ मध्ये याच फसवणुकीला मोजमापाला लावलं. प्रकाशाचा वेग काढायला त्याचा छोटा आरसा हवेच्या झोताने सेकंदाला ४०० फेरे घ्यायचा. त्याला काही टेकवलं तर वेगच बदलणार. मग त्याने आरशाचाच लुकलुकता प्रकाश एका चाकावर पाडला. चाकाला ४०० दाते, आणि घड्याळाच्या यंत्रावर सेकंदाला एक फेरा. दाते स्थिर दिसले, की आरसा बरोबर ४०० वर! त्यातून प्रकाशाचा वेग आला सेकंदाला २,९८,००० किलोमीटर. आजचा आकडा २,९९,७९२.

आता मामाची पुली. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १५०० आरपीएमला चार आऱ्यांची पुली दर लुकलुकीला पाव फेरा घेते, म्हणजे एका आरीच्या जागी दुसरी येते आणि पुली थांबल्यासारखी वाटते. पण इंडक्शन मोटर थोडी मागे राहते. मामाने आरीवर खडूची खूण केली, घड्याळ लावलं आणि मला उलटे फेरे मोजायला सांगितले. मिनिटाला साधारण ६० भरले. १५०० वजा ६०, झाले १४४०. मोटरच्या पाटीवरही १४४० च होतं!

यात एक गोम आहे. ७५० आरपीएमलाही हीच पुली स्थिर वाटेल, कारण तेव्हा आऱ्या दोन लुकलुकींत एकदा जुळतात. म्हणून हल्लीचा टॅकोमीटर शाफ्टवरच्या एका चमकत्या पट्टीवर किरण टाकतो आणि परत येणारे झोत मोजतो. एक झोत, एक फेरा. गोंधळच नाही.

मामाने त्या रात्रीच मोटरवर साधा पिवळा बल्ब लावला. त्याची तार लगेच थंड होत नाही, म्हणून त्याचा उजेड फारसा लुकलुकत नाही. तुमच्या गिरणीत, लेथवर ट्यूब असेल तर एवढं करा. आणि पुली थांबलेली दिसली तरी आधी स्विच बघा, मगच हात घाला.