एल-सीकमधला ‘एल’

२००३ साली पीएच.डी.चे काम करताना मोजमापांची एक प्रचंड फाइल मला मधूनच वाचायची होती. हवी होती ५,००,००,००,००० व्या बाइटपासूनची नोंद. प्रोग्रॅम भलतीच नोंद आणून देत होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एसट्रेस नावाचे साधन चालवून दिले. प्रोग्रॅम कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे ज्या ज्या विनंत्या करतो, त्यांची यादी हे साधन छापते. यादीतल्या एका ओळीत नाव होते ‘एल-एल-सीक’ आणि आकडा होता ७०,५०,३२,७०४. असे नाव मी माझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेही लिहिलेले नव्हते. आणि आकड्याबद्दल तर दोन शक्यता होत्या. प्रोग्रॅमने जागाच चुकीची मागितली असेल, किंवा साधनाने बरोबर आकडा अर्धाच छापला असेल. चोर कोण, आरोपी की साक्षीदार?

‘सीक’ म्हणजे शोधणे. फाइल वाचताना गाभा तिच्यात जणू एक बोट ठेवून असतो. वाचन सुरू होते ते बोटाच्या जागेपासून. बोट हलवण्याची विनंती म्हणजे सीक. तिच्यात तीन गोष्टी सांगायच्या: कोणती फाइल, किती अंतर आणि ते कुठून मोजायचे. शून्य म्हणजे फाइलच्या आरंभापासून, एक म्हणजे बोट आहे तिथून, दोन म्हणजे शेवटापासून.

ही पद्धत बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्समधली. १९७० च्या दशकाच्या आरंभी युनिक्स पीडीपी-११ या संगणकावर चाले. त्याचा शब्द १६ बिटांचा, म्हणजे अंतराचा आकडा ० ते ६५,५३५ एवढाच. फाइल त्याहून मोठी असली तर? १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत यावरचा तोडगा दिसतो. तिसऱ्या जागी ३, ४ किंवा ५ लिहिले, की अर्थ अनुक्रमे ०, १, २ सारखाच. मात्र अंतराला ५१२ ने गुणायचे. मग लांबची जागा दोन हप्त्यांत गाठता येई: आधी ५१२ बाइटांच्या ठोकळ्यापर्यंत, मग ठोकळ्याच्या आत. पुस्तकात आधी पान काढावे आणि मग ओळ शोधावी, तसे.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत अंतर ३२ बिटांचे झाले. सी भाषेत अशा लांब पूर्णांकाला ‘लाँग’ म्हणत, त्याचा ‘एल’ पुढे जोडून नाव पडले एल-सीक. तीन-चार-पाचची युक्ती निकालात निघाली. ३२ बिटांत एक बिट चिन्हासाठी जातो. उरते मर्यादा २,१४,७४,८३,६४७ बाइटांची, म्हणजे जवळजवळ २ गिगाबाइटची. त्या काळी एवढी फाइल कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

१९९० च्या दशकात ती प्रत्यक्षात आली. आता ६४ बिटांचे अंतर हवे होते, पण घरोघरचे प्रोसेसर ३२ बिटांचे. लिनक्सने केले ते पीडीपी-११ च्या काळाची आठवण करून देणारे: आकड्याचे दोन तुकडे. नाव एल-एल-सीक, ‘लाँग लाँग’ पूर्णांकावरून. वरचे ३२ बिट एका खणात, खालचे ३२ दुसऱ्यात. उत्तरही एका खणात मावत नाही, म्हणून गाभ्याने ते स्मृतीत कुठे लिहून ठेवावे तो पत्ताही विनंतीबरोबर द्यायचा. मी साधे सीक लिहिले होते. मधल्या ग्रंथालयाने त्याचे हे रूपांतर केले होते.

एसट्रेस मूळचे पॉल क्रॅनेनबर्ग यांनी १९९१ मध्ये सनओएससाठी लिहिलेले. लिनक्सवर ते आणले ब्रँको लँकेस्टर यांनी. प्रत्येक विनंतीच्या वेळी गाभा प्रोग्रॅमला दोनदा थांबवतो, आत जाताना आणि बाहेर येताना. त्या दोन क्षणी एसट्रेसच्या हाती पडतात नुसते आकडे. ३२ बिटांच्या इंटेल यंत्रावर एल-एल-सीकचा क्रमांक १४०. समजा माझी विनंती बरोबर असती, तर खणांत दिसले असते: १४०, फाइल ३, मग १, मग ७०,५०,३२,७०४, मग एक पत्ता, मग ०. आता पहिल्या तुकड्याला ४,२९,४९,६७,२९६ ने गुणा आणि दुसरा त्यात मिळवा. ५,००,००,००,००० येतात की नाही, हे विद्यार्थ्यांना फळ्यावर करून पाहता येईल. फक्त खालचा तुकडा छापणारे साधन नेमका माझ्या यादीतला आकडा दाखवील, म्हणून माझी शंका अगदीच पोरकट नव्हती.

पण एसट्रेस दोन्ही तुकडे जोडते. शिवाय विनंती सफल झाली असेल, तर बाहेर येताना त्या पत्त्यावर जाऊन गाभ्याने लिहिलेले उत्तर वाचते आणि चौकटी कंसात छापते. माझ्या ओळीत कंसातही ७०,५०,३२,७०४ च होते. म्हणजे बोट खरोखरच तिथे गेले होते. मी जागेचा आकडा ३२ बिटांच्या चलात साठवला होता आणि वरचा ‘१’ तिथेच गळाला होता. साक्षीदार निर्दोष सुटला.

६४ बिटांच्या यंत्रांवर सारा आकडा एका खणात मावतो, तिथे पुन्हा एकाच ‘एल’चे नाव पुरते. तरी उलगडा करणाऱ्याची सुटका नाही. २०१२ साली लिनक्समध्ये एक्स-३२ नावाची मिश्र व्यवस्था आली. तिच्यात ‘लाँग’ ३२ बिटांचा, पण एल-सीकचे अंतर ६४ बिटांचे. नावात ‘एल’ आहे म्हणून लाँगच्या मापाने कापले, तर पुन्हा तोच घोटाळा. त्यासाठी एसट्रेसला वेगळी सोय ठेवावी लागली.

तिसऱ्या जागेवरचा ३ ही परत आला आहे. काही फाइलींमध्ये न लिहिलेली पोकळ जागा असते. ती ओलांडून पुढच्या खऱ्या मजकुरापर्यंत बोट नेण्याची सोय सोलारिसनंतर २०११ मध्ये लिनक्समध्येही आली. तिथे ३ म्हणजे ‘पुढचा मजकूर शोध’ आणि ४ म्हणजे ‘पुढची पोकळी शोध’. ५१२ च्या गुणाकाराशी आता त्यांचा काही संबंध नाही. एसट्रेसच्या जुन्या आवृत्त्यांना हे नवे अर्थ ठाऊक नव्हते. असा अनोळखी आकडा आला, की त्या ‘सीक’ लिहून पुढे तीन प्रश्नचिन्हे छापत.