धर्मानंद कोसंबी आणि स्मृतीचा अभ्यास

‘माइंडफुलनेस’ हा शब्द हल्लीं सुशिक्षित घरांतून वारंवार कानीं पडतो. श्वासाकडे लक्ष द्यावें, मन स्थिर करावें, म्हणजे मनुष्याला आपल्या खऱ्या स्वरूपाप्रमाणें जगतां येतें, असें सांगितलें जातें. शब्द इंग्रजी, पण वस्तु आपल्याकडचीच. पाली ग्रंथांतील ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’ या पदासाठीं ऱ्हिस डेव्हिड्स यांनीं १८८१ सालीं हा इंग्रजी प्रतिशब्द योजिला. स्मृति म्हणजे येथें नुसती आठवण नव्हे. देह, वेदना, चित्त आणि धर्म या चार ठिकाणीं जें घडतें त्याविषयींची ती अखंड जागृति होय. चालत असतां ‘मी चालतों आहें’, आणि क्रोध आला असतां ‘क्रोध आला आहे’ हें जाणणें, एवढाच तिचा आरंभ. ऐकावयास सोपा वाटतो. करूं लागल्यावर काय तें कळतें.

या शोधांत घर सोडलेल्या धर्मानंद कोसंबींची आठवण मराठी वाचकांनीं आधीं करावी, असें आम्हांस वाटतें. १८७६ सालीं गोव्यांतील साखवाळ येथें जन्मलेल्या या तरुणाच्या हातीं ‘बालबोध मेवा’ मासिकांतील बुद्धाविषयींचा लेख पडला, पुढें केळुसकरांचें बुद्धचरित्र आलें, आणि १८९९ च्या अखेरीस तो पुण्यास निघाला. मागें पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. काशींत अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकणें, नेपाळांतील निराशा, १९०२ सालीं सिंहलद्वीपांत विद्योदय विहारांत दीक्षा, हें सर्व त्यांनीं ‘निवेदन’ या आत्मचरित्रांत सांगितलेंच आहे. पुढें ब्रह्मदेशांत सगाईंगच्या डोंगरांत, न्यानतिलोक या जर्मन भिक्षूच्या सहवासांत, त्यांनीं ध्यानाचा अभ्यास केला.

या कथेंतील एक गोष्ट आम्हांस बोचते, आणि ती झांकून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. धर्मानंद जें मिळवीत होते त्याची किंमत साखवाळच्या घरांत दुसरें कोणी भरीत होतें. ‘भगवान बुद्ध’ (१९४०) या ग्रंथांत त्यांनीं मध्यरात्रीं गुपचूप निघून जाण्याची प्रसिद्ध कथा नाकारिली आणि मातापिता रडत असतां सिद्धार्थ गेला, या सूत्रांतील वचनास प्रमाण मानिलें. हा निर्णय करणाऱ्या पंडिताला आपलें स्वतःचें प्रयाण आठवलें नसेल काय? १९०६ सालीं ते परतले, भिक्षुवेष सोडून पुन्हां संसारांत आले, हें आम्हीं पळ काढणें मानीत नाहीं. स्वतःकडे डोळे उघडून पाहणाऱ्याला वेषहि सोडतां आला पाहिजे.

पुढील आयुष्यांत ही जागृति ध्यानाच्या आसनापेक्षां व्यवहारांतच अधिक दिसते. कलकत्ता विद्यापीठांतील नोकरींत वेतन अधिक होतें. तरी पालीचें ज्ञान आपल्या महाराष्ट्राला मिळावें म्हणून त्यांनीं ती सोडली आणि सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये पत्करिले. १९१० सालीं ते अमेरिकेंत हार्वर्ड येथें ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठीं गेले. श्वासावर स्मृति कशी ठेवावी, याचें अत्यंत सविस्तर विवेचन करणारा हाच तो बुद्धघोषाचा ग्रंथ. मूळ संपादक वॉरन १८९९ सालींच वारले होते. मुखपृष्ठावर संपादक म्हणून कोणाचें नांव असावें, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशीं मतभेद झाला, तेव्हां कोसंबी १९१२ सालीं स्वदेशीं परतले. चित्ताच्या शुद्धीवरील ग्रंथ, आणि भांडण नांवाचें! परंतु केलेल्या कामाचा हक्क सोडणें म्हणजे नम्रता नव्हे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

फर्ग्युसन महाविद्यालयांत ते पाली शिकवूं लागले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत पडले, आणि मुंबईंत परळ येथें १९३७ सालीं त्यांच्या खटपटीनें श्रमजीवींसाठीं बहुजनविहार उभा राहिला. जून १९४७ मध्यें सेवाग्राम येथें त्यांचा अंत झाला. ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ति त्यांनीं मुंबईंत १९४० सालीं काढिली होती, हार्वर्डची मात्र १९५० सालीं निघाली. तिच्यावर संपादक वॉरन यांचें नांव आहे, आणि त्याखालीं संशोधक म्हणून धर्मानंद कोसंबींचें.